लंडनच्या विमानात माझा कुत्रा माझ्याबरोबर बसेल का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात. वय चौतीस, लहानपणापासून टाइप १ मधुमेह. साखर उतरू लागली की घाम, थरथर, धडधड अशी जी सूचना इतरांना मिळते, ती त्यांना आता जवळजवळ मिळत नाही. त्यांचा चार वर्षांचा लॅब्रॅडोर वासावरून हे ओळखतो, नाकाने ढोसतो आणि ग्लुकोजच्या गोळ्यांची पिशवी आणून देतो. त्याला हे शिक्षण त्यांनी एका प्रशिक्षकाच्या मदतीने स्वतःच दिलं. तीन महिन्यांनी बहिणीच्या बाळंतपणासाठी त्यांना तीन आठवडे लंडनला जायचंय. नवरा म्हणतो, कुत्रा घरी ठेव, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहेच. मैत्रीण म्हणते, इंटरनेटवर सेवा-श्वानाचं, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीचं काम शिकवलेल्या कुत्र्याचं, प्रमाणपत्र विकत मिळतं, ते घे म्हणजे कुणी अडवणार नाही. त्या विचारतात, "अमेरिकेत कायद्याने तो माझा सेवा-श्वान आहे, मग लंडनच्या विमानात का नसेल? आणि ज्याच्या जिवावर मी रात्री निर्धास्त झोपते त्याला मागे ठेवणं हा विश्वासघात नाही का?"

उत्तर:

आधी मैत्रिणीचा सल्ला बाजूला ठेवू, कारण तो तुमचं सगळ्यात जास्त नुकसान करू शकतो. अमेरिकेत सेवा-श्वानांची कुठलीही सरकारी नोंदणी नाही. दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात कर्मचारी तुम्हाला दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. कागद मागता येत नाही, आणि कुत्रा संस्थेतच शिकलेला असावा अशी अटही नाही. म्हणजे जे प्रमाणपत्र तुम्ही विकत घ्याल त्याला देशात काडीचा अर्थ नाही. परदेशी विमान कंपनीला ते दाखवलंत तर ती पहिल्यांदा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव तपासेल. ते नाव तिच्या यादीत नसणार, आणि तिथून पुढे तुमच्या खऱ्या कुत्र्याकडेही संशयाने पाहिलं जाईल. तुमची बाजू आज स्वच्छ आहे. ती पैसे देऊन मळवू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. "अमेरिकेत आहे, मग तिकडे का नाही" या वाक्यात एक गृहीतक आहे: सेवा-श्वान हा दर्जा कुत्र्याला चिकटलेला असतो आणि तो जिथे जाईल तिथे सोबत जातो. प्रत्यक्षात तो दर्जा जागेनुसार बदलतो, आणि एकाच प्रवासात तुम्ही तीन वेगवेगळ्या चौकटींतून जाता: जमीन, विमान आणि सीमा.

अमेरिकेतल्या जमिनीवरचा नियम वर आला. विमानात वाहतूक खात्याचा स्वतंत्र नियम आहे आणि तो 11 जानेवारी 2021पासून बराच आवळला गेला. आता विमानात सेवा-प्राणी म्हणजे फक्त कुत्रा, कोणत्याही जातीचा, पण प्रत्यक्ष काम शिकलेला. निव्वळ भावनिक आधारासाठी ठेवलेल्या प्राण्यांना विमान कंपन्या पाळीव प्राणी मानू शकतात. (जमिनीवरच्या कायद्यात लहान जातीच्या घोड्यालाही जागा आहे, विमानात नाही, हे ऐकून घोडेवाल्यांना वाईट वाटत असेल.) कंपनी तुमच्याकडून खात्याचा ठरलेला फॉर्म मागू शकते. त्यात लस, पशुवैद्य, प्रशिक्षण आणि वागणूक यांबद्दल तुम्ही स्वतः लिहून द्यायचं असतं, आणि खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे असा इशारा त्यावरच छापलेला असतो. तिकीट आधी काढलेलं असेल तर हा फॉर्म प्रवासाच्या 48 तास आधी मागता येतो. आठ तास किंवा त्याहून मोठ्या उड्डाणासाठी दुसरा फॉर्म: कुत्र्याला वाटेत शी-शूची गरज पडणार नाही, किंवा पडलीच तर ती तो स्वच्छतेने करील, याची हमी. पश्चिम किनाऱ्यावरून लंडन म्हणजे दहा-साडेदहा तास, तेव्हा तुम्हाला दोन्ही फॉर्म लागतील. स्वतः शिकवलेला कुत्रा या नियमात बसतो, इथवर तुमची शंका निराधार आहे.

अडचण सीमेवर आहे. दुसऱ्या देशाचा नियम मोडत असेल तर कंपनी अमेरिकी नियमानुसारही नकार देऊ शकते, आणि ब्रिटनमध्ये पाळीव कुत्रा विमानाने आणायचा तर तो साधारणपणे मालवाहतुकीतून, ठरलेल्या मार्गाने येतो. प्रवाशांच्या केबिनमधून येण्याची सवलत मान्यताप्राप्त मदतनीस कुत्र्यांना आहे. ही मान्यता ठरवताना 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल गाईड डॉग फेडरेशन' या दोन संघांच्या सदस्य संस्थेने कुत्रा शिकवला आहे का, हे पाहिलं जातं. हे संघ संस्थांना मान्यता देतात, एकेकट्या कुत्र्यांना देत नाहीत. म्हणून तुमचा कुत्रा त्यांच्या सार्वजनिक वागणुकीच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवू शकत असला तरी त्याने प्रश्न सुटत नाही. गंमत अशी की, एकदा का तो ब्रिटनच्या जमिनीवर उतरला की तिथला 2010चा समानता कायदा त्याच्याकडे कागद मागत नाही. स्वतः शिकवलेल्या कुत्र्यालाही तिथे संरक्षण आहे. दरवाजा फक्त विमानाचा बंद आहे.

म्हणून पहिलं काम, तिकीट काढण्याच्या आधी: ज्या कंपनीने जायचं तिच्या अपंग प्रवाशांच्या विभागाला ईमेल लिहा. फोनवर "हो हो, चालेल" असं उत्तर सहज मिळतं आणि काउंटरवर त्याचा उपयोग शून्य. ईमेलमध्ये चार गोष्टी स्पष्ट असू द्या: कुत्र्याने कोणतं काम करायचं, तो कुणी शिकवला, उड्डाण क्रमांक, आणि "ब्रिटनमध्ये प्रवेशाच्या वेळी केबिनमधून स्वीकाराल का, हो किंवा नाही" हा एकच प्रश्न. विमानतळावर वाद उभा राहिला तर अमेरिकी नियमानुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी प्रत्यक्ष किंवा फोनवर उपलब्ध करून द्यावा लागतो. त्याला बोलावण्याचा तुमचा हक्क आहे. पण ब्रिटिश सीमेचा नियम तो अधिकारीही वाकवू शकणार नाही.

उत्तर "नाही" आलं तर मालवाहतुकीतून पाठवण्याचा पर्याय उरतो. तो मी तुमच्यासाठी बादच धरते. दहा तास तो विमानाच्या पोटात आणि तुम्ही वर, म्हणजे ज्या वेळी तो हवा त्याच वेळी तो नाही. एक आडवाट मात्र आहे. अमेरिकेहून पॅरिसला थेट विमान. फ्रान्समध्ये केबिनमधून येणाऱ्या कुत्र्यांना ब्रिटनसारखी मनाई नाही, तेव्हा अमेरिकी कंपनीच्या विमानात वरचे दोन फॉर्म भरून तो तुमच्या पायाशी बसू शकतो (हेही लेखी विचारून). मग मोटारीने फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेपर्यंत, साधारण तीनशे किलोमीटर, आणि तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी वाहून नेणाऱ्या रेल्वेगाडीने इंग्लंडमधलं फोकस्टन. या गाडीत कुत्रा तुमच्यासोबत मोटारीतच बसतो, प्रवास 35 मिनिटांचा. युरोस्टार नावाची प्रवासी रेल्वे वेगळी. तिथे पाळीव कुत्री चालत नाहीत आणि मदतनीस कुत्र्यांसाठी पुन्हा मान्यतेचा प्रश्न येतो. मोटार मात्र तुम्ही चालवायची नाही. साखर उतरल्याची जाणीवच न होणं हे वाहन चालवण्याच्या परवान्याच्या आड येतं, आणि दहा तासांच्या प्रवासानंतर तर मुळीच नको. नवरा येणार असेल तर ठीक, नाहीतर प्राणी नेणारी टॅक्सी आधी ठरवा.

कुठल्याही वाटेने गेलात तरी कागदांचा क्रम पाळावाच लागेल. आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सावकाश सांगते. सगळ्यात आधी मायक्रोचिप. ती 15 अंकी, आंतरराष्ट्रीय मानकाची हवी. अमेरिकेत बऱ्याच कुत्र्यांना जुन्या पद्धतीची नऊ किंवा दहा अंकी चिप असते आणि ती युरोपातल्या वाचकयंत्राला वाचता येईलच असं नाही. आजच पशुवैद्याकडे जाऊन अंक मोजा. नवीन चिप बसवावी लागली तर जुनी तशीच राहू द्या, पण एक गोष्ट लक्षात घ्या: रेबीजची लस चिपनंतर दिलेली असली तरच धरली जाते. चिप आज आणि लस गेल्या वर्षीची, तर लस पुन्हा. चिपनंतरची पहिली लस दिल्यावर 21 दिवस थांबावं लागतं, आणि लस दिलेला दिवस शून्य मोजतात. बूस्टर एक दिवस जरी उशिरा घेतलेला असेल तर तो बूस्टर राहत नाही, पहिली लस होतो, आणि 21 दिवस पुन्हा सुरू. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे आज चूक सापडली तर ती दुरुस्त होईल. प्रवासाच्या दोन आठवडे आधी सापडली तर नाही.

अमेरिकेहून जाणाऱ्या कुत्र्याला ब्रिटन किंवा फ्रान्ससाठी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सुटका. आरोग्य प्रमाणपत्र मात्र सरकारमान्य पशुवैद्याने भरून, अमेरिकी कृषी खात्याच्या पशुआरोग्य विभागाकडून शिक्का घ्यायचा, आणि ते दिल्यापासून दहा दिवसांत तिकडे पोचायचं. फ्रान्समार्गे गेलात तर युरोपीय संघाचं आणि ग्रेट ब्रिटनचं अशी दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं लागतील. एकावर दुसऱ्याचं काम भागेल असं समजू नका. ब्रिटनसाठी आणखी एक: फीतकृमीचं औषध, पशुवैद्याच्या हाताने, ब्रिटनमध्ये पोचण्याच्या आधी किमान 24 आणि जास्तीत जास्त 120 तास. वेळ प्रमाणपत्रावर तास-मिनिटांसह लिहून घ्या. निघण्याच्या दोन दिवस आधी दिलंत तर विमान उशिरा सुटलं किंवा पॅरिसला मुक्काम पडला तरी तुम्ही त्या मुदतीत राहता. शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहिलीत, किंवा उलट पाच दिवस आधीच उरकून टाकलंत, तर एका रद्द उड्डाणाने सगळं बिघडेल. कागद चुकले तर कुत्र्याला चार महिन्यांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं, तुमच्या खर्चाने.

परतीचं तुलनेने सोपं. ब्रिटनहून अमेरिकेला येणाऱ्या उड्डाणाला अमेरिकी वाहतूक खात्याचा नियम लागू होतो, म्हणून थेट येण्याची शक्यता जाण्यापेक्षा जास्त. पण हेही कंपनीकडून लेखी घ्या. 1 ऑगस्ट 2024पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी रोग नियंत्रण केंद्राचा आयात फॉर्म भरावा लागतो. कुत्र्यांमधल्या रेबीजचा धोका नसलेल्या किंवा कमी असलेल्या देशांतून येताना तेवढा फॉर्म, चिप आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त वय पुरतं. ब्रिटन आणि फ्रान्स या गटात येतात. त्या तीन आठवड्यांत रेबीजचा धोका जास्त असलेल्या एखाद्या देशात कुत्र्यासह चक्कर मारायचा बेत असेल तर मात्र सगळं गणित बदलतं. तो बेत या प्रवासातून काढून टाका.

विमानातल्या दहा तासांची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करा. कुत्र्याला आज्ञा दिल्यावर शोषक पॅडवर शू करायला शिकवा. घराबाहेरच जायची सवय असलेल्या लॅब्रॅडोरला हे अवघड जातं, म्हणून सुरुवातीला पॅड त्याच्या नेहमीच्या जागेवर गवतावर ठेवा, त्यावर त्याच्या आधीच्या शूचा वास राहू द्या, आणि हळूहळू पॅड घराच्या दिशेने, शेवटी न्हाणीघराच्या फरशीवर आणा. निघण्याच्या आधी सहा-आठ तास हलकं खाणं, नंतर पाणी थोडं थोडं, किंवा बर्फाचे खडे. पूर्ण उपाशी-तहानलेला ठेवू नका. अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर सुरक्षातपासणीच्या आत कुत्र्यांसाठी जागा असते. ती आधी नकाशावर शोधून ठेवा आणि विमानात चढण्याआधी शेवटचं काम तेच करा. झोपेचं औषध देऊ नका. त्याने श्वास आणि रक्तदाबाचा धोका वाढतो आणि गुंगीतला कुत्रा वास ओळखणार नाही.

बसायला भिंतीसमोरची रांग मागायची की साधी, यावर लोक भांडतात. भिंतीसमोर समोरच्या खुर्चीखालची पोकळी मिळत नाही. साध्या रांगेत ती मिळते, पण मोठ्या लॅब्रॅडोरला वळायला जागा अपुरी पडते. घरी जमिनीवर चिकटपट्टीने 45 सेंटीमीटर रुंद आणि खुर्चीपुढे उरते तेवढ्या लांबीची चौकट आखा आणि त्यात तो तासभर शांत झोपतो का पाहा. खिडकीची जागा घ्या. वाटेकडच्या बाजूला शेपूट आणि पंजे खाण्याच्या गाडीखाली सापडतात.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. त्या तीन आठवड्यांत त्याच्याकडून नेमकं काय काम अपेक्षित आहे, आणि ते तिथे तो किती चांगलं करील? वासावरून साखर ओळखणाऱ्या कुत्र्यांच्या कामगिरीत फार मोठा फरक असतो, एकाच्या तुलनेत दुसऱ्यात, आणि एकाच कुत्र्याच्या घरच्या आणि परक्या जागेच्या कामातही. कोरडी हवा, इंजिनाचा सततचा आवाज, दहा तासांची झोप, आठ तासांचा वेळफरक, नवीन घर आणि त्या घरात दर दोन-तीन तासांनी रडणारं बाळ. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्याचं लक्ष विखुरणार. सेन्सरलाही दोष आहे: तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून रक्तातली साखर वेगाने उतरत असेल तेव्हा तो पाच ते पंधरा मिनिटं मागे राहू शकतो. कुशीवर दाबला गेला तर खोटी कमी साखरही दाखवतो.

म्हणून कायद्यावरून किंवा अपराधी भावनेवरून निर्णय घेण्याआधी तीन आठवडे नोंद ठेवा. प्रत्येक वेळी लिहा: आधी कुणी सांगितलं, कुत्र्याने की सेन्सरने, तेव्हा सेन्सरवर आकडा आणि (साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा) बाण काय होता, बोटाच्या रक्तातली साखर किती, आणि पंधरा मिनिटांनी किती. दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही अशा वेळाही लिहा. एक मेख आहे: कुत्रे फोनचा गजर ओळखायला शिकतात. गजर वाजला की कुत्रा उठतो आणि आपल्याला वाटतं त्याने ओळखलं. तेव्हा दिवसा, नवरा घरात असताना, गजर फक्त त्याच्या फोनवर जाऊ द्या, तोही 90वर (साखरेचे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) लावलेला, आणि त्याने पाच मिनिटं थांबून तुम्हाला सांगायचं. साखर 70च्या जवळ आली किंवा बाण सरळ खाली असला तर थांबायचं नाही. रात्री हा प्रयोग करायचाच नाही.

नोंदीत दिसलं की रात्री सेन्सरचा गजर तुम्हाला उठवत नाही आणि कुत्राच उठवतो, तर त्याला नेण्याचा खटाटोप योग्य आहे, पॅरिसच्या वाटेने का होईना. पण दिसलं की सेन्सर बहुतेक वेळा बरोबरीने किंवा आधी सांगतो, तर माझा कल नवऱ्याच्या बाजूने आहे. तेव्हाही "सेन्सर आहेच" एवढ्यावर भागणार नाही. गजर घड्याळावर कंपनाने आणि फोनवर मोठ्या आवाजात, दोन्हीकडे. धोक्याचा आकडा नेहमीपेक्षा वर, 80 किंवा 85. राखीव सेन्सर दोन, कारण एक विमानतळावर निघून येतो. नाकात फवारायचं ग्लुकॅगॉन (साखर फार उतरली तर ती वर आणणारं औषध) सोबत आणि ते कसं द्यायचं हे माहीत असलेला माणूस घरात. तो माणूस बहीण नको. बाळंतिणीला तुमच्या गजराची राखण करायला लावणं म्हणजे तुम्ही ज्यासाठी जाताय त्याच्या उलटं. मेव्हणा, किंवा रात्री तुमची साखर दुरून बघू शकणारा नवरा, ज्याच्या घड्याळात तेव्हा दुपार-संध्याकाळ असेल. तो कामावर असला तरी जागा असेल. इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन सामानात न देता हातातल्या पिशवीत. इन्सुलिनचा पंप वापरत असाल तर विमान वर चढताना हवेचा दाब घटल्याने नळीत बुडबुडे येऊन ठरल्यापेक्षा जास्त इन्सुलिन जाऊ शकतं. त्या अर्ध्या तासात काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

विश्वासघाताबद्दल. माणसाला मागे सोडल्याचं शल्य जसं कळतं तसं कुत्र्याला कळत नाही. त्याला कळतं की दिनक्रम बदलला. तो मागे राहिला तर दिनक्रम टिकवा. तुमची साखर 70च्या खाली असताना घामाचे किंवा लाळेचे कापसावरचे नमुने आतापासून घट्ट झाकणाच्या डब्यांत, तारीख लिहून फ्रीझरमध्ये जमवा. नवऱ्याने आठवड्यातून तीनदा एक नमुना लपवून त्याच्याकडून ओळखून घ्यावा आणि बक्षीस द्यावं, नेहमीचंच बक्षीस, त्यात बदल नको. वापरलेला नमुना पुन्हा गोठवू नये. परत आल्यावर पहिला आठवडा त्याने दिलेली प्रत्येक सूचना, खरी निघाली की लगेच, नव्याने शिकवत असल्यासारखी उचलून धरा, आणि तो आठवडा तरी सेन्सरचा गजर जरा वरच्या आकड्यावरच राहू द्या.